पुसायचं राहिलेलं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. परवापर्यंत तर नाहीच. परवा एका घरात, दोन माणसांसमोर सांगितलं, काल काही जणांना लिहून कळवलं, आणि आता तुम्हाला सांगतो आहे. आईवडिलांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. ज्या मित्राला बाकी सगळं सांगतो, त्याच्याशी बोलताना या विषयाच्या आसपास आलो की मी राजकारणाकडे वळायचो. चार वर्षं असं चाललं. आता लिहिताना हात वगैरे थरथरत नाहीयेत. उलट — खोटं कशाला बोलू — बरं वाटतंय. परवा घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली. पश्चात्तापाने माणसाची भूक मेल्याचं मी पुस्तकांत बरंच वाचलंय. माझी उघडली.

पण सरळ सांगायला अजून जमत नाही. वळसा घालतो. चालेल ना?

मी मूळचा परभणीचा. हिंजवडीत नोकरी लागली आणि जवळच्याच नेरे गावात तात्यांच्या घरी खोली घेतली. तात्यांनी जमिनीचा एक तुकडा विकून घरावर मजला चढवला होता आणि त्या मजल्यावर माझ्यासारखी माणसं ठेवली होती. “आदी हितं भात व्हायचा, आता इंजिनेर होत्यात,” ते आल्यागेल्याला सांगत. “पर इंजिनेराला भातापरीस जास्ती पानी लागतं.” हे माझ्या अंघोळीला उद्देशून असे.

त्यांची सून शुभांगी. माहेर मुळशीकडच्या माले गावचं. बीकॉम झालेली, पौडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. आमच्या कंपनीत बुकिंगच्या टेबलावर जागा निघाली तेव्हा मीच तिला सांगितलं. त्या घरातून नोकरीला बाहेर पडणारी ती पहिली बाई. तात्या आठवडाभर गप्प होते, मग एका सकाळी मला म्हणाले, “तुमच्या भरवशावर धाडतोय. काय वाईट वंगाळ झालं तर तुमालाच इचारनार.” मी मोठ्या आत्मविश्वासाने हसलो होतो. आत्मविश्वास तेव्हा स्वस्त होता.

घरी मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला दादा. ऑफिसच्या दारातून आत शिरलो की मी सर व्हायचो आणि ती नुसती शुभांगी. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती. काचेचं दार होतं, त्यानेच ठरवली असेल.

आता कामाबद्दल थोडं. कंटाळा येईल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा प्रोग्रॅम रिसॉर्टांची बुकिंग सांभाळायचा. धरणाच्या पाण्याकाठची काही रिसॉर्टं आमची गिऱ्हाइकं होती; त्यांची फोनवरची बुकिंग आमच्याच टेबलांवर नोंदली जायची. प्रत्येक प्रोग्रॅम चालता चालता काय घडलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. आमचा लॉग म्हणजे तऱ्हेवाईक पाहुण्याचं पत्र होतं. ‘बुकिंग रद्द झाले.’ कुणाचं? कुणी केलं? कुठल्या मशीनवरून? काही नाही. झाले म्हणजे झाले. गिऱ्हाईक भांडायला आलं की आम्ही त्या ओळींकडे बघत बसायचो.

मी त्याला शिस्त लावली. प्रत्येक ओळीला ठरलेले कप्पे केले: वेळ, मशीन, बुकिंगचा नंबर, आणि काम करणाऱ्याचं नाव. यातली गंमत अशी की हे नाव प्रत्येक ठिकाणी हाताने लिहावं लागत नसे. माणसाने काम सुरू केलं की एकदाच त्याचं नाव, मशीनसकट, लावायचं; मग त्या कामात जितक्या ओळी उमटतील त्या सगळ्यांना ते आपोआप चिकटतं. संदर्भ ओळीबरोबर चालत येतो. काम सुबक होतं. आजही म्हणेन, सुबक होतं.

कंपनीने त्याचा सोहळा केला. मोठे साहेब — आमच्या सगळ्यांच्या वरचे, टाय लावूनच जन्मलेले असावेत असे — स्टेजवर म्हणाले, “माणूस विसरतो. लॉग विसरत नाही.” टाळ्या झाल्या. मला काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची पाटी मिळाली. तिच्यावर माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. असल्या समारंभांची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. त्या दिवशी मात्र पाटी घेताना मला मनापासून आनंद झाला. हेही कबुलीतच धरा.

मग ते लग्न आलं. एका रिसॉर्टच्या झाडून सगळ्या खोल्या एका लग्नासाठी घेतलेल्या होत्या. वऱ्हाड पोचलं तेव्हा निम्म्याअधिक खोल्यांत भलतेच लोक राहिलेले. बुकिंग आठवड्यापूर्वीच रद्द झालं होतं, आणि मोकळ्या दिसल्या म्हणून रिसॉर्टवाल्यांनी खोल्या दुसऱ्यांना दिल्या होत्या. नवऱ्या मुलीच्या आत्याने मॅनेजरला कारंज्यापाशी उभं करून जे ऐकवलं, ते फोनवरून आमच्या ऑफिसपर्यंत आलं. रिसॉर्टवाले भडकले. साहेबांनी लॉग मागवला. पहिल्यांदाच माझ्या लॉगची खरी परीक्षा होती, आणि तो अडखळला नाही. खोलीमागून खोली — रद्द, रद्द, रद्द. काम करणाऱ्याचं नाव: शुभांगी.

तिला बैठकीत बोलावलं. मीही होतो, कारण लॉग माझा. ती म्हणाली, मी केलं नाही. त्या वेळी मी डबा खात होते. त्यावर शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी म्हणाला की ती डबा खातानाही एका हाताने काम करते, सगळ्यांनी पाहिलंय. हे खरं होतं. ती सगळ्यांत जास्त काम करायची. फोन वाजला की घास तसाच ठेवायची. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला आणि स्टेजवरचंच वाक्य पुन्हा म्हटलं. माणूस विसरतो वगैरे. ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

आता वळशाचा पहिला टप्पा. चूक माझी होती.

समजा एखाद्या कचेरीत मोजके शिपाई आहेत. कुणी साहेब आला की मोकळा असेल तो शिपाई त्याचं काम घेतो आणि छातीवर त्या साहेबाच्या नावाची चिठ्ठी लावतो. काम झालं की परत बाकावर बसतो. पुढचा साहेब आला की जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी. इथपर्यंत ठीक. पण काही कामं कुणाचीच नसतात. झाडलोट असते, ती ठरल्या वेळी आपोआप व्हायची असते. तेव्हा शिपाई उठतो, झाडलोट करतो — आणि छातीवर मागच्या साहेबाची चिठ्ठी तशीच. कारण काम संपल्यावर चिठ्ठी काढायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं मी. एक ओळ लिहायची होती. नाव लावायची ओळ मी लिहिली. नाव पुसायची राहिली.

आमच्या प्रोग्रॅममध्ये अशी एक झाडलोट होती. आगाऊ रक्कम नोंदलेली नाही अशी बुकिंगं ती दिवसातून काही वेळा आपणहून रद्द करायची. लग्नवाल्यांचा चेक रिसॉर्टवर पडून होता, प्रोग्रॅममध्ये कुणी चढवला नव्हता. झाडलोटीने खोल्या झाडून टाकल्या. आणि त्या दुपारी जो शिपाई उठला त्याच्या छातीवर होतं शुभांगीचं नाव. का तिचंच? कारण सगळ्यांत जास्त कामं तिची असायची. जो जास्त राबेल त्याचंच नाव बाकावर मागे राहणार, हा साधा हिशोब आहे. साहेब म्हणत होते ते खरंच होतं — माझा लॉग विसरला नव्हता. त्याने विसरायला हवं होतं.

पण ही चूक म्हणजे माझा गुन्हा नाही. अशी चूक आमच्या धंद्यात कुणाहीकडून होते, आणि ती झाली म्हणून कुणी चार वर्षं विषय बदलत फिरत नाही.

दुसरा टप्पा. चूक मला सापडली, आणि मी गुपचूप दुरुस्त केली.

बैठकीनंतर मला चैन पडेना. त्या सगळ्या ओळींची वेळ एकच होती, अगदी सेकंदासकट. हाताने इतक्या खोल्या एका क्षणात कोण रद्द करेल? साहेब म्हणाले होते, सगळ्या निवडून एकदम बटण दाबलं असेल. असं बटण त्या पडद्यावर नव्हतंच. मला माहीत होतं. मी प्रोग्रॅम उघडला, आणि जिथे एक ओळ असायला हवी होती तिथे ती नाही हे चहा गार व्हायच्या आत दिसलं. ती ओळ मी घातली. आम्ही काही बदललं की काय बदललं ते लिहायची पद्धत असते. मी लिहिलं: ‘किरकोळ सफाई.’ इतकं शांतपणे लिहिलं की आता आठवलं तरी नवल वाटतं.

हे वाईट आहे, कबूल. पण अजूनही ते नाही.

इतकी वर्षं मी ही गोष्ट स्वतःला एका विशिष्ट क्रमाने सांगत आलो: आधी तिने राजीनामा दिला, मग मला चूक सापडली, आणि तोवर उशीर झाला होता. उशीर झाला होता — किती सोयीचं वाक्य आहे, नाही? त्यात कर्ताच नाही. क्रम तसा नव्हता. चूक सापडली सकाळी. दुपारी शुभांगी मला जिन्यात भेटली.

ती तिथे माझी वाट बघतच उभी असावी. ऑफिसात तिने मला कधी दादा म्हटलं नव्हतं.

“दादा, ते तुमीच लिवलंय ना,” ती म्हणाली. ऑफिसात ती पुण्याची भाषा बोलायची. त्या दिवशी ती भाषाही सुटली होती. “मी केलं नसताना माझं नाव यिऊ शकतं का त्यात? चुकून?”

प्रश्न बघा. आमच्या ऑफिसात इतकी शिकलेली माणसं, बैठकीत इतके कागद — आणि नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने विचारला. उत्तर जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तिने विचारलं त्याच माणसाला. ‘हो, येऊ शकतं’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “नाही येत.”

हेच ते. वळसा संपला.

त्यावर ती रडली असती, भांडली असती, माझ्यावर संशय घेतला असता, तर कदाचित — पण ‘कदाचित’ने सुरू होणारी वाक्यं मी सोडून दिलीयत. तिने काय केलं ते सांगतो. तिने थोडा विचार केला. खरोखर विचार केला, जशी एखादी बाई घराला कुलूप लावलं की नाही ते आठवते तसा. मग म्हणाली, “मंग मीच केलं आसंल.” आणि जिना उतरून गेली.

मला त्या क्षणी काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं.

राजीनामा ‘स्वखुशीने’ झाला. माझ्या कामाचं सादरीकरण साहेबांनी परदेशातल्या गिऱ्हाइकासमोर केलं, आणि मला बढती मिळाली. तात्यांनी मला काही विचारलं नाही. विचारणार म्हणाले होते, पण विचारलं नाही. सुनेचं चुकलं म्हणून तेच माझ्यासमोर खाली बघून जायचे. नळाला पाणी जास्त सोडलं तरी काही बोलायचे नाहीत. ते मला सोसेना. ऑफिस लांब पडतं असं सांगून मी वाकडला खोली घेतली. वाकड नेऱ्याहून ऑफिसला फारसं जवळ नाही. हेही कुणी विचारलं नाही.

मग आताच का सांगितलं? कारण फार भव्य नाही. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. गेल्या आठवड्यात तिथे एका सहकारी बाईंच्या कामात अगदी हीच चूक निघाली — नाव लावलं, पुसायचं राहिलं. भर बैठकीत त्या म्हणाल्या, “अरे देवा, हे माझंच आहे.” कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, दुरुस्त करून टाका. मग चहा आला. मी कपाकडे बघत बसलो. एवढीच किंमत होती? ज्याच्या भीतीने मी एका बाईला तिच्या स्वतःच्या आठवणीविरुद्ध साक्ष द्यायला लावली, त्याची किंमत — थोडं हसू आणि चहा?

परवा नेऱ्याला गेलो. घरावर आणखी एक मजला चढलाय. शुभांगी अंगणात बसून एका नव्या भाडेकरूचा फॉर्म भरत होती. भरून झाला, तो तिने मोठ्याने वाचला. मग तात्यांना वाचायला दिला. मग पुन्हा स्वतः वाचला. भाडेकरू वैतागून म्हणाला, “वहिनी, बरोबर आहे ते.” ती म्हणाली, “आसंल. पर माझं मला पटत न्हाई. मी एकदा नकळत भलतंच करून बसले हुते.” मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि ती हसली. “या की दादा.”

मी उभ्याउभ्याच सांगितलं. शिपाई, चिठ्ठी, झाडलोट — सगळं. शेवटी जिना. सकाळी चूक सापडली होती, दुपारी तू विचारलंस, आणि मला माहीत असताना मी नाही म्हणालो. भाडेकरू कधी निघून गेला कळलं नाही.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “म्हंजी मी न्हवतं केलं.”

“नव्हतं केलंस.”

“तात्या, ऐकलंत का? मी न्हवतं केलं.” आवाज चढला नव्हता. अंगावरचं ओझं खाली ठेवून माणूस खांदे हलवून बघतो, तशी ती ते वाक्य म्हणून बघत होती. तिसऱ्यांदा ती स्वतःशीच म्हणाली. मी इतकी वर्षं समजत होतो की मी तिची नोकरी घालवली. नोकरी तर घालवलीच. पण तिचा स्वतःवरचा भरवसाही मी नेला होता, हे मला त्या अंगणात कळलं.

तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांनी इतक्या वर्षांनी विचारलं.

“मंग तवा का न्हाई बोल्लात?”

“भ्यालो,” मी म्हणालो.

“कुनाला?”

उत्तराला ते थांबले नाहीत. तात्यांनी मान हलवली आणि गोठ्याकडे निघून गेले. बसा म्हणाले नाहीत. शुभांगीनेही चहाचं विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तिने फक्त एक विचारलं. रागाने नाही, कामाचं विचारावं तसं.

“आन ऑफिसातल्या त्या लोकांना कोन सांगनार?”

काल बसून त्या वेळच्या जितक्या लोकांचे पत्ते मिळाले तितक्यांना लिहिलं. साहेबांनाही लिहिलं, ते आता आणखी मोठ्या कंपनीत आणखी वरचे साहेब आहेत. बऱ्याच जणांनी अजून उत्तर दिलेलं नाही. साहेबांचं मात्र लगेच आलं. माझा प्रामाणिकपणा त्यांना भावला, यातून तरुणांनी शिकण्यासारखं आहे, त्यांच्याकडे येऊन एकदा यावर बोलशील का, असं होतं. खाली एक ओळ होती: ‘ही शुभांगी कोण, ते मात्र आठवत नाही.’

बोलायला येणार नाही, असं कळवलं. आणि कोण ते कळवलं. शुभांगी आपल्याकडे बुकिंगच्या टेबलावर होत्या. डबा खाताना फोन वाजला तर त्या घास खाली ठेवायच्या. लग्नाच्या त्या खोल्या त्यांनी रद्द केल्या नव्हत्या. तसं त्यांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, ते खरं होतं. आणि त्यांनी राजीनामा दिला तेव्हा ते मला माहीत होतं.